अडुसष्टचे ८६ का होतात?

सोलापुरात ६८ ही संख्या शाळेत जायच्या आधीच कानावर पडलेली असते. सोलापूरचं ग्रामदैवत असलेले बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर यांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं, आणि गड्ड्याच्या, म्हणजे त्यांच्या जत्रेच्या, दिवसांत यण्णीमज्जनाला त्या लिंगांना तैलाभिषेक करत फिरणारे नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) इथल्या पोरांना पाठ असतात. तरी दुसरीच्या वर्गात 'अडुसष्ट लिहा' म्हटलं की कुणी ना कुणी ८६ लिहितंच. आपण 'लक्ष कुठंय तुझं?' म्हणून मोकळे होतो. खरं तर त्या पोराचं लक्ष फार चांगलं असतं. ऐकलं तसं त्यानं उतरवलं, आधी अडु आणि मग सष्ट.

शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या घरी अज्जी कन्नड बोलते. तिच्या तोंडी ६८ म्हणजे 'अरवत्तेंटु', आधी साठ, मग आठ. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या तेलुगूतही 'अरवै एनिमिदि', आधी साठ, मग आठ. उर्दू मात्र मराठीच्या बाजूची, तिथं आठ पुढं. स्थानिक किंमत नावाचा धडा सोलापूरच्या एकाच वर्गात असा दोन दिशांनी ऐकू येतो. याची मुळं बरीच मागं जातात.

संख्यांची नावं फार जुनी. यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत एक, दश, शत, सहस्र, अयुत असं दहा-दहा पटीनं चढत परार्धापर्यंत जाणारी यादी आहे. म्हणजे दसपटीची शिडी बोलण्यात तयार होती. लिहिण्यात मात्र ती उतरायला पुष्कळ काळ गेला. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहनांचा लेख पाहा. राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे मोठमोठे आकडे आहेत, पण दहाची खूण वेगळी, शंभराची वेगळी, हजाराची आणखी वेगळी. चार हजार लिहायचे तर हजाराच्या खुणेला चारची खूण जोडायची. या पद्धतीत जागेला किंमत नाही, खुणेलाच आहे. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या भाषेत, सगळी दर्शनी किंमतच. शून्याची गरजच पडत नाही, कारण रिकामं ठेवायला घरच नसतं.

आर्यभटाच्या ग्रंथात (इ. स. ४९९) नियम स्पष्ट येतो: 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्', एका स्थानाहून पुढचं स्थान दसपट. तिसरीच्या मुलाला आपण जे महिनाभर समजावतो ते इथं चार शब्दांत उरकलंय. ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्ये शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करायची याचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ च्या लेखात देवाच्या बागेची लांबी २७० हात आणि रोजच्या माळा ५० अशा नोंदी आहेत, आणि दोन्हींतलं शून्य आजच्यासारखंच, छोटं वर्तुळ. फुलांच्या माळांच्या हिशेबात ते सापडावं हे मला फार आवडतं.

आपल्या जिल्ह्याचा दाखलाही आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात मराठीतला फार जुना शिलालेख आहे. त्याचा काळ शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. या ९४० मधलं शून्य एककाचं घर राखून बसलंय. ते उठलं की उरतात ९४.

हाच शक पंडितांच्या भूतसंख्येत, म्हणजे अंकांऐवजी शब्द वापरायच्या रीतीत, सांगायचा तर 'ख-वेद-नंद' म्हणता येईल. ख म्हणजे आकाश, अर्थात शून्य, वेद चार, नंद राजे नऊ. ० - ४ - ९. उलटं वाटतंय ना? इथं नियम 'अंकानां वामतो गतिः', अंक डावीकडं सरकत जातात. सांगायला सुरुवात एककापासून. श्लोक रचणाऱ्या ज्योतिष्याला यात काही वावगं वाटत नसे, कारण त्याच्या संस्कृतातही तेवीस म्हणजे 'त्रयोविंशति', तीन आधी आणि वीस मागाहून. त्या त्रयोविंशतीचं झिजत झिजत 'तेवीस' झालं. शब्द झिजले, त्यांचा क्रम टिकला. आकडे लिहिताना मात्र मोठं स्थान डावीकडं आणि पेन डावीकडून उजवीकडं. बोलताना एकक पुढं, लिहिताना दशक पुढं, आणि या दोन रिवाजांच्या मध्ये सात वर्षांचं पोर.

शंभराच्या पुढं तर गंमतच. 'एकशे तेवीस' म्हणताना आपण पहिला अंक वाचतो, मग उडी मारून तिसरा, मग मागं येऊन दुसरा. मोठ्यांना सवयीनं हे जाणवतही नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) स्थानांची एकापासून परार्धापर्यंत अठरा नावं आहेत, आणि जोडीला खुलासा, की स्थानांच्या या संज्ञा पूर्वजांनी व्यवहारासाठी केल्या. हे सिद्धरामेश्वरांचंच शतक. सिद्धरामांची वचनं कन्नडमध्ये आहेत, तेव्हा अडुसष्टला ते बहुधा साठापासूनच सुरुवात करत असतील. हा आपला माझा तर्क.

व्यवहार मात्र कित्येक शतकं दहाच्या पटीत नव्हताच. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, मणाचे चाळीस शेर. हिशेबाच्या वहीत रकाने असत, पण एका रकान्यातून दुसऱ्यात हातचा नेताना कधी बारा पुरे व्हावे लागत, कधी सोळा, कधी चाळीस. म्हणूनच पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे पाढे घोकून घेत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ मेट्रिक वजनं-मापं आली, आणि आर्यभटाचा नियम भाजीच्या पिशवीपर्यंत पोचला. पावकी गेली तरी तिची भाषा राहिली. बाजार समितीत कांद्याचा भाव आजही 'पावणेदोन हजार', 'अडीच हजार' असाच सांगतात. 'पावणेदोनशे' ऐकून त्यात १७५ शोधणं हे मुलाला वेगळंच कोडं. त्या शब्दात १, ७ आणि ५ यांतला एकही अंक नाही.

मग आलं २०१९ साल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. मराठी बुडाली इथपासून आडनावांवरच्या विनोदांपर्यंत सगळं झालं. विषय विधानसभेतही गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की लहान मुलांना जोडाक्षरांचे आणि उलट्या क्रमाचे शब्द जड जातात. दक्षिणेतल्या भाषांमध्ये दशक आधी येतं, तिथं ही अडचण नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा मुद्दा पुस्तकी वाटला असेल. सोलापूरच्या मास्तरांना तो रोज समोर बसलेला दिसतो.

मी स्वतः त्या वादात कुठल्याच बाजूला पूर्ण नव्हतो. 'तेवीस' हा शब्द मुलाला यायलाच हवा, नाहीतर दुकानदार काय म्हणतो ते त्याला कळणार नाही. पण काड्यांच्या जुड्या बांधताना 'वीस तीन' फार उपयोगी पडतं. दोन जुड्या उचलल्या की वीस, सुट्या तीन उचलल्या की तीन. हात, तोंड आणि आकडा एका दिशेनं चालतात. मग त्याच ढिगाला 'तेवीस' हे नाव द्यायचं. कन्नड आणि तेलुगू घरांतल्या मुलांना मी त्यांचा शब्द मोठ्यानं म्हणायला लावतो. 'इप्पत्तमूरु', 'इरवै मूडु'. बाकीची हसतात, आणि हसता हसता वीस कुठं आहे ते ऐकतात.

अडुसष्टही असाच सुटतो. सहा जुड्या, आठ सुट्या, अरवत्तेंटु, अडुसष्ट. पण पुढची काडी ठेवली की पुन्हा पंचाईत. कन्नडवाला सरळ 'अरवत्तोंबत्तु' म्हणून साठावर नऊ ठेवतो. मराठीत येतं 'एकोणसत्तर', सत्तराला एक कमी. पोरं सत्तर ऐकतात आणि सातवी जुडी शोधायला लागतात. ती अजून बांधलेलीच नसते. तो तास मी दुसऱ्या दिवसावर ढकलतो.