विंडोजचे पैसे: सीडीच्या खोक्यापासून मदरबोर्डपर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या दुरुस्त्या, संपला. तेव्हापासून इंदूरला जेल रोडवर किंवा सिल्व्हर मॉलमध्ये जुना लॅपटॉप घेऊन गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: “काका, मशीन एकदम ठीक आहे, पण विंडोज इलेव्हन नाही चढणार.” मग नव्या मशीनचं कोटेशन. नव्या आवृत्तीसाठी पैसे मोजावेत का, हा वाद काही आजचा नाही. फरक पडलाय तो पैसे कशाचे घेतात यात.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं, तेव्हा अपग्रेडच्या खोक्याची किंमत अमेरिकेत ११० डॉलरच्या आसपास होती आणि ती वसूल होत होती. त्याआधी फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि शेपटीला तीन, एवढीच मुभा. वर्षभराचा हिशेब कोणत्या फाइलमध्ये ठेवला ते तीन महिन्यांनी स्वतःलाच कळत नसे. विंडोज ९८ बऱ्यापैकी उपयोगी, २००० साली आलेली ‘विंडोज मी’ (Me) ही आवृत्ती मात्र न घेतलेलीच बरी होती. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि ऑफिसांतल्या मशीनचा दमदार पाया घरच्या कॉम्प्युटरला मिळाला. त्यासोबत ॲक्टिव्हेशनची, म्हणजे आपली प्रत कंपनीकडे नोंदवून घेण्याची, कटकटही आली. अर्थात आपल्याकडे विंडोजला वेगळी किंमत असते हेच अनेकांच्या गावी नव्हतं. असेंबलवाला मशीनसोबत ‘टाकून’ द्यायचा, अडलं की येऊन फॉरमॅट मारायचा, आणि पैसे द्यायचे ते त्याच्या फेरीचे. गंमत म्हणजे एक्सपीतली सर्वांत मोलाची सुधारणा, फायरवॉल (बाहेरून होणारा शिरकाव अडवणारी भिंत) आपोआप चालू ठेवणारा २००४ चा सर्व्हिस पॅक २ हा दुरुस्त्यांचा संच, फुकट होती.

इंदूरच्या मराठी माणसाला मात्र त्या काळात अपग्रेडचं खरं कारण होतं, आणि ते जाहिरातीत कुठेच नव्हतं. ते म्हणजे देवनागरी. विंडोज ९८ वर मराठी म्हणजे श्रीलिपी, आयएसएम किंवा अशाच एखाद्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट. मंडळाच्या कार्यक्रमाची सूचना रामबागेतल्या मशीनवर टाइप करा, फ्लॉपीवर घ्या, सुदामानगरात उघडा. तो फॉन्ट तिथे नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा. ‘विंडोज २०००’ या आवृत्तीत युनिकोड (अक्षरं सगळ्या मशीनवर तीच राहावीत यासाठीचा सामाईक संकेत) देवनागरीचा आधार आला, सोबत मंगल फॉन्ट. एक्सपीतही सोय होती, पण झोपवलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या खिडकीत जाऊन खूण करायची, की एक्सपीची सीडी मागायचं. सीडी असायची असेंबलवाल्याकडे, म्हणजे पुन्हा एक फेरी. २००७ च्या व्हिस्टाला लोकांनी मनसोक्त शिव्या घातल्या आणि त्या बहुतेक रास्तच होत्या, पण ही खूण करण्याची भानगड त्यानेच संपवली. मराठीत लिहिणाऱ्याने ९८ वरून पुढे जाण्यासाठी खर्च केला असेल तर तो वाया गेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा अनुभव मात्र नेमका उलटा. त्यांचा सगळा माल पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या फाइलींत आणि जुन्या फॉन्टमध्ये, श्रीलिपीचं हार्डवेअर लॉक (जे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) मशीनच्या पाठीत खोचलेलं. विंडोज बदललं की पेजमेकर रुसणार, लॉक ओळखलं जाणार नाही, प्रिंटरचा ड्रायव्हर मिळणार नाही. अपग्रेडची किंमत खोक्यावर छापलेली असते तेवढीच कधीच नसते, हे त्यांना विचारावं.

ॲपलकडे त्यांच्या मॅक कॉम्प्युटरसाठीच्या मॅक ओएस टेनच्या मोठ्या आवृत्त्या वर्षानुवर्षं १२९ डॉलरला होत्या. २००९ मध्ये स्नो लेपर्ड २९ डॉलरला आली, २०१२ ची माउंटन लायन वीसला, आणि २२ ऑक्टोबर २०१३ ला मॅव्हरिक्स फुकट. आयपॉड टचची (फोनची सोय नसलेल्या, आयफोनसारख्या यंत्राची) गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. २००८ मध्ये आयफोनला नवी आवृत्ती मोफत, पण त्याच आवृत्तीसाठी आयपॉड टचवाल्यांना ९.९५ डॉलर. कारण हिशेबाच्या वहीत होतं: आयफोनचं उत्पन्न कंपनी दोन वर्षांत विभागून दाखवत होती, आयपॉडचं एकदम, आणि पूर्ण उत्पन्न दाखवून झालेल्या वस्तूला नंतर नवी सोय फुकट देणं तेव्हाच्या लेखानियमांत अवघड जात होतं. २००९ मध्ये नियम बदलले आणि पुढच्या वर्षीची आवृत्ती आयपॉडलाही मोफत मिळाली. म्हणजे किंमत आणि गुणवत्ता यांचा संबंध असलाच पाहिजे असं नाही.

मायक्रोसॉफ्टनेही हात सैल केला. २०१२ मध्ये विंडोज ८ प्रोचं अपग्रेड भारतात १,९९९ रुपयांना डाउनलोड करता येत होतं, नुकतंच विंडोज ७ चं मशीन घेतलेल्यांना ६९९ ला. २०१५ मध्ये विंडोज १० वर्षभर मोफत जाहीर झालं; प्रत्यक्षात जुन्या विंडोजच्या ‘प्रॉडक्ट की’, म्हणजे ॲक्टिव्हेशनचे क्रमांक, सप्टेंबर २०२३ पर्यंत चालत राहिले. यात दानधर्म नव्हता. घरगुती विंडोजचा मोठा पैसा पूर्वीपासून मशीन बनवणाऱ्यांकडूनच येतो.

विंडोज ११ तर कागदोपत्री फुकटच. अट टीपीएम २.० ची (मशीनमधल्या गुप्त किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षेच्या सोयीची) आणि, इंटेल असेल तर, साधारण आठव्या पिढीच्या प्रोसेसरची. त्यामुळे २०१६ चा धडधाकट आय-फाइव्ह बाद. मधोमध सरकलेल्या स्टार्ट बटणासाठी कुणी नवा लॅपटॉप घ्यावा असं मला वाटत नाही. सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर मशीनं बंद पाडली, तेव्हा दुरुस्ती मार्चमध्येच येऊन पडली होती, पण सपोर्ट संपलेल्या एक्सपीला ती हल्ला झाल्यावर मिळाली. विंडोज १० च्या घरगुती मशीनसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा ३० डॉलरला ठेवली गेली, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर मोफत. आणि मशीन २०१८ नंतरचं असेल तर दुकानदाराच्या ‘नाही चढणार’वर लगेच मान डोलावू नये. टीपीएम अनेकदा असतंच, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाने.