अन्ननलिकेचा लिम्फोमा

अन्ननलिकेच्या भिंतीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा होणारा कॅन्सर. पोट-आतड्याच्या सगळ्या लिम्फोमात याचा वाटा १ टक्क्याहूनही कमी, त्यातही बहुतेक वेळा तो छातीतल्या लिम्फच्या गाठींतून (लिम्फ नोड) किंवा जठरातून पसरत आलेला असतो, इथेच सुरू झालेला क्वचितच. सगळ्यात जास्त सापडणारा प्रकार म्हणजे डिफ्यूज लार्ज बी-सेल (बी-सेल म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार), एचआयव्ही असला की धोका वाढतो.

सुरुवात गिळण्यापासून. खान्देशात पेशंट सांगतो "घास गयामा अटकस", म्हणजे आधी कळण्याची भाकरी अडकते, मग ती शेवभाजीच्या रश्श्यात चुरून मऊ केली तरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, आणि घरचे म्हणतात अॅसिडिटी असेल. सोबत वजन उतरतं, कधी आवाज बसतो, ताप येतो, रात्री घामाने अंथरूण भिजतं.

खरी गोची बायप्सीत आहे. हा रोग बऱ्याचदा वरच्या अस्तराखाली वाढतो, त्यामुळे दुर्बिणीतून अस्तर चांगलं दिसतं, नुसता फुगवटा असतो, आणि वरवरचा तुकडा काढला की रिपोर्ट नॉर्मल येतो. तेवढ्यावर निवांत बसू नये! त्रास चालूच असेल तर खोलवरचा तुकडा लागतो, नाहीतर दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असलेल्या मशीनने सुई घालून नमुना घेतात. मग आयएचसी, म्हणजे पेशींवरची प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी, त्यात सीडी२० या बी-सेलवरच्या प्रथिनाचा ब्राऊन रंग चढला की बी-सेल असल्याचं कळतं. जळगाव-धुळ्याहून मुंबईला सेकंड ओपिनियनला जाताना नुसती फाईल नेऊन भागत नाही, तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्यायच्या, तिकडे त्या परत बघतात. पसरलाय किती ते पेट-सीटी या अख्ख्या अंगाच्या स्कॅनवर कळतं.

नेहमीच्या अन्ननलिकेच्या कॅन्सरसारखं इथे ऑपरेशन हा मुख्य इलाज नाही. बी-सेल प्रकारात आर-चॉप, म्हणजे रितुक्सिमॅब (सीडी२० ला चिकटणारं औषध) आणि केमो, दर २१ दिवसांनी, साधारण ६ वेळा, गरज पडली तर शेक, म्हणजे रेडिएशन. आधी टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी) करतात कारण त्यातलं लाल औषध हार्टला त्रास देऊ शकतं (लघवी लाल झाली की पेशंट घाबरतो, पण ते औषधाच्या रंगामुळे), आणि हिपॅटायटीस बी तपासतात कारण रितुक्सिमॅबने दबलेला व्हायरस परत उठू शकतो. गाठ वितळताना भिंतीला भोक पडायची भीती असते, म्हणून केमोनंतर अचानक छातीत दुखलं किंवा पाणी पिताच ठसका लागायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.