जुने अमेरिकन कट ग्लास: पैसे मोजण्याआधी बोट फिरवा

न्यू जर्सीतल्या आमच्या दुकानात बरीच मंडळी इस्टेट सेलमध्ये, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, घेतलेला बाउल पिशवीतून काढतात आणि विचारतात, "हे खरं कट ग्लास आहे ना?" कट ग्लास म्हणजे चाकावर कापून नक्षी काढलेली काच. हा प्रश्न पैसे देण्याआधीचा, म्हणून हे पत्रक.

अमेरिकन कट ग्लासचा भरभराटीचा, म्हणजे 'ब्रिलियंट' काळ साधारण १८७६ ते १९१७. फिलाडेल्फियाच्या १८७६च्या प्रदर्शनानंतर या काचेची चलती झाली. पहिल्या महायुद्धात शिसे युद्धाच्या कामी लागले, आवडही बदलली आणि धंदा बसला. नक्षीवरून कारखाना मात्र ठरवू नका. गाजलेली 'रशियन' नक्षी कॉर्निंग (न्यूयॉर्क राज्य) इथल्या हॉक्स कारखान्याची, पेटंट १८८२चे. पण १८९१मध्ये व्हाइट हाउससाठी त्याच नक्षीची भांडी व्हाइट मिल्स (पेनसिल्व्हेनिया) इथल्या डॉर्फ्लिंगर कारखान्याने केली.

खरी ओळख पटते ती बोटांना. शिसे घातलेली जाड काच फिरत्या लोखंडी चाकावर ओल्या वाळूने कापत, दगडी चाकावर घासत, मग लाकडी चाकावर चकाकी आणत. म्हणून कंगोरे बोटाला टोचतात. साच्यात दाबलेल्या काचेचे कंगोरे बोथट असतात, कुठेतरी साच्याची शिवणही सापडते. घोळ इथेच आहे: पुढे पुढे काही कारखाने खर्च वाचवायला नक्षी साच्यातच उठवत आणि वरून थोडेसेच चाक फिरवत. अशा भांड्याला पूर्ण किंमत देऊ नका.

बाउलला टिचकी मारली की नाद घुमतो. अरुंद तोंडाच्या डिकँटरकडून (मद्य वाढायच्या बुचाच्या बाटलीकडून) ती अपेक्षा नको. अंधारात अतिनील दिव्याखाली जुनी अमेरिकन काच बहुधा पिवळट हिरवी दिसते. हा पुरावा नव्हे, खूण.

कारखान्याच्या शिक्क्यावर भाळू नका. अनेक अस्सल भांड्यांवर तो नाहीच, आणि खोटे शिक्केही मारले जातात. त्यापेक्षा काठ पाहा: दात एका जागी बुटके असतील तर तिथला टवका घासून काढलेला आहे. हे काम आम्हीही करतो, पण विकताना चिठ्ठीवर तसे लिहितो.

डिशवॉशर नको, उकळते पाणी नको. श्रीखंड या बाउलमध्ये देखणे दिसते खरे, पण काचेत शिसे आहे. आंबट पदार्थ किंवा मद्य त्यात साठवू नका.

डिकँटर दाखवायला आणाल तर बूच काढून वेगळे गुंडाळा. बुचावर आणि गळ्यावर आकडा कोरलेला असेल तर तो जुळतो का, हे घरीच पाहून या.