सातव्या महिन्याआधीचं ताट

घोडबंदर रोडच्या हॉलमधलं डोहाळजेवण असो की शहापूरच्या पाड्यावरची अंगणवाडी, गर्भारशीचं ताट भरतं ते सातव्यापासून. २०१५ च्या अखेरीस सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर बाईला भाकरी, वरण-भात, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं नाहीतर केळं मिळतं, पण शेवटच्या तिमाहीत. शिवाय ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन अडेल’ असं बजावणाऱ्या सासूबाई आहेतच.

आधीच्या महिन्यांचं काय, हा प्रश्न पुढे आला तो नेदरलँड्समधून. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी रसद तोडली आणि देशाच्या पश्चिम भागात रोजचं रेशन हजार कॅलरींच्या खाली घसरलं. दुष्काळाचे महिने नेमके ठाऊक होते, जन्माच्या नोंदीही शाबूत होत्या. त्यामुळे तेव्हा पोटात असलेल्यांचा पुढे कित्येक दशकं माग काढता आला. शेवटच्या महिन्यांत आईची उपासमार झाली ती बाळं हलकी जन्मली. पहिल्या महिन्यांत झाली त्यांची वजनं मात्र व्यवस्थित, आणि तरी मोठेपणी हृदयविकार यांच्यातच जास्त. काट्यावर ठीक दिसलेलं बाळ!

इंग्लंडात रोगांच्या प्रसाराचा अभ्यास करणारे डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरच्या सुईणींच्या जुन्या वह्या धुंडाळून हलकं बाळ आणि हृदयविकार यांची सांगड १९८९ मध्ये मांडली. त्यावर बराच वाद झाला.

आपल्याला जवळचं काम पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा गावांतल्या आया आणि मुलं तपासली. बाळं जेमतेम पावणेतीन किलोची, हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी इंग्रज बाळांच्या मानाने फारशी कमी नाही. सुमारे दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षीच शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचं, म्हणजे मधुमेहाकडे नेणाऱ्या बिघाडाचं, प्रमाण अधिक आढळलं. म्हणजे फॉलिक ॲसिडच्या नुसत्या गोळ्या वाटून भागत नाही.

मग मुंबईच्या वस्त्यांमध्ये संशोधकांनी गरोदर राहण्याआधीपासूनच बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन पाहिला. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्याचा. २०१४ मध्ये निकाल आला. सरसकट पाहता बाळांच्या वजनात फरक नव्हता. दिवस जाण्याआधी किमान तीन महिने पालेभाजी-दुधाचा खाऊ खाल्लेल्यांची बाळं मात्र सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली, आणि पुढे छापलेल्या निकालात गर्भारपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही याच खाऊच्या गटात बरंच कमी दिसलं.