‘थंड’ चाचणी: एका वादाची पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये इंजिनिअरिंगची काही मुलं संशोधनासाठी छोटं लिक्विड रॉकेट इंजिन घडवताहेत. थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर, साधारण 50 किलोचा, इंधन इथेनॉल, ऑक्सिडायझर, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, नायट्रस ऑक्साइड. पाण्यावरची चाचणी झाली आहे. आता इंजिनातून नायट्रस वाहू देऊन, पण काहीही न पेटवता ‘थंड’ चाचणी घ्यायची आहे. ती शेडमागच्या मोकळ्या जागेत घ्यावी की जतच्या माळावर न्यावी, यावर दोन मतं पडली आहेत. जाळच नाही तर एवढ्या लांब कशाला जायचं, असं काहींचं म्हणणं. या वादाचं मूळ ‘थंड’ या शब्दात आहे.

उड्डाणाआधी इंजिन स्टँडला जखडून तपासायचं, ही पद्धत अगदी पहिल्यापासूनची. 16 मार्च 1926 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नला पेट्रोल आणि लिक्विड ऑक्सिजनवरचं पहिलं रॉकेट अडीच सेकंद उडालं, पण त्याआधीच्या डिसेंबरात असंच इंजिन प्रयोगशाळेतल्या स्टँडवर चालवून झालं होतं. जर्मनीत कुमर्सडॉर्फला 21 डिसेंबर 1932 रोजी बारा फुटी काठीच्या टोकाला पेट्रोलचा पेटता डबा बांधून इंजिन पेटवायला गेले आणि सगळा स्टँडच उडाला. इंधन आधी साचलं, ठिणगी मागून पोहोचली. आज याला ‘हार्ड स्टार्ट’ म्हणतात आणि नवशिक्या गटांची इंजिनं अजूनही या कारणाने फुटतात. पुढे अमेरिकेच्या चंद्रमोहिमेच्या एफ-1 इंजिनात ज्वाला अस्थिर होऊ लागली, तेव्हा चालू इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवून ती किती लवकर शांत होते हे पाहिलं गेलं. पूर्ण आकाराच्या सुमारे दोन हजार चाचण्या त्यासाठी झाल्या.

आपल्याकडची गोष्ट 1974 पासून जवळून पाहण्यासारखी आहे. त्या साली फ्रान्सशी त्यांच्या व्हायकिंग या लिक्विड रॉकेट इंजिनाच्या तंत्रज्ञानाचा करार झाला. मोबदला रोख रकमेत नव्हता. आपल्या इंजिनिअरांनी तिकडे जाऊन शंभर मनुष्य-वर्षांचं काम करायचं आणि आपण प्रेशर ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारी उपकरणं, बनवून पुरवायची, असं ठरलं. त्यातूनच आपलं विकास इंजिन झालं. इथे घडवलेल्या इंजिनाची गरम चाचणी 1985 मध्ये सीन नदीकाठच्या व्हेर्नोंला झाली, कारण त्या ताकदीचा स्टँड आपल्याकडे तयार नव्हता. नंतर तिरुनेलवेली जिल्ह्यात महेंद्रगिरीला स्टँड उभे राहिले. या कराराला आजही कुणी उसनवारी म्हणतं. मला तसं वाटत नाही. ड्रॉइंग विकत मिळतात, पण स्टँडवर कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे दुसऱ्याच्या स्टँडवर वर्षानुवर्षं उभं राहूनच कळतं. मूळ व्हायकिंगचंच पाहा. 23 मे 1980 रोजी व्हायकिंगवर चालणाऱ्या एरियान या युरोपीय रॉकेटचं दुसरं उड्डाण चारपैकी एका इंजिनातल्या ज्वलनाच्या अस्थिरतेमुळे फसलं. मग इंजेक्टर, म्हणजे बारीक भोकांतून इंधन आणि ऑक्सिडायझर आत फवारणारा भाग, बदलला आणि इंधनही बदललं.

आता ‘थंड’. वर्कशॉपमध्ये ‘कोल्ड’ हा एकच शब्द तीन वेगळ्या कामांना वापरला जातो. इंजेक्टरमधून पाणी सोडून प्रत्येक भोकातून किती येतं ते मोजणं, हे एक. तासगावच्या द्राक्षबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. फवारणीचं नोझल एका बाजूला ओढतंय का, ते तोही आधी पाण्यावरच बघतो. क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रवांवर चालणाऱ्या, इंजिनात पेटवण्याआधी पाइप आणि पंप थंड करून घेणं, हेही कोल्डच. आणि खरा ऑक्सिडायझर, खऱ्या दाबाने, न पेटवता सोडणं, यालाही कोल्ड फ्लोच म्हणतात. पहिल्या कामात फार तर पँट भिजते. तिसऱ्यात माणसं मेली आहेत.

26 जुलै 2007, कॅलिफोर्नियातलं मोहावे. नायट्रस ऑक्साइडचा प्रवाह तपासायची पंधरा सेकंदांची चाचणी. इंजिन हायब्रिड होतं, म्हणजे इंधन घन आणि ऑक्सिडायझर द्रव, पण त्या दिवशी इंधनही नव्हतं आणि ठिणगीही नव्हती. सुरू झाल्यावर काही सेकंदांतच स्फोट झाला. तिघे जागीच किंवा त्या जखमांनी गेले, तिघे जखमी झाले.

नायट्रसला फुटायला दुसऱ्या कुणाची गरज नसते. त्याचा रेणू मोडला की नायट्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात आणि उष्णताही. त्यात तेलाचा अंश आला किंवा व्हॉल्व्ह झटक्याने बंद होऊन वायू एकदम दाबला गेला, तर मोडायला निमित्त मिळतं. मी त्या मुलांची इंजेक्टर प्लेट हातात घेतली होती. पितळी, तळहाताएवढी, एक मिलिमीटरहून बारीक भोकं. डोळ्यांना लख्ख दिसत होती. एका भोकात पांढऱ्या सुती कापडाचा पीळ फिरवला तर टोकाला काळसर डाग आला. ड्रिलिंगचं कटिंग ऑइल. पाण्याच्या चाचणीने ते निघालं नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. नायट्रस 36.4 अंश सेल्सिअसच्या वर द्रव राहूच शकत नाही. 20 अंशांना सिलिंडरमध्ये सुमारे 50 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास पन्नासपट, दाब असतो, 36 च्या पुढे तो 72 च्या वर जातो. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. म्हणजे ‘थंड’ म्हणून घेतलेल्या चाचणीत टाकीतला माल हिशोबातल्यापेक्षा वेगळ्याच अवस्थेत असेल.

साखर कारखान्यात काम केलेल्यांना यातलं मर्म चटकन कळतं. बॉयलरची हायड्रो टेस्ट पाण्याने करतात, कारण पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. भांडं तडकलं तरी पाणी गळतं, वायूसारखं उसळत नाही. हेच तत्त्व इथे लागू होतं, म्हणून पाणी आणि नायट्रस यांना एकाच नावाखाली घालणं मला धोक्याचं वाटतं.

2020 मध्ये अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुलं झालं, तेव्हापासून कॉलेजातल्या गटांचा उत्साह वाढला आहे. 30 मे 2024 रोजी श्रीहरिकोट्याहून एका खासगी कंपनीचं, थ्रीडी प्रिंट केलेल्या सेमीक्रायोजेनिक (दोनपैकी एकच द्रव अतिथंड असलेल्या) इंजिनावरचं रॉकेट उडालं, ते या मुलांनी मोबाइलवर पाहिलं होतं. त्यापेक्षा त्यांनी महेंद्रगिरी पाहावं असं मला वाटतं. तिथे 2000 किलोन्यूटन (सुमारे 200 टन) थ्रस्टच्या सेमीक्रायोजेनिक इंजिनाची चाचणी 1 जुलै 2023 रोजी थ्रस्ट चेंबर, म्हणजे जिथे इंधन जळून जोर मिळतो तो भाग, न लावताच घेतली गेली. साडेचार सेकंद चालवायचं होतं, पंप फिरवणाऱ्या टर्बाइनचा दाब अचानक चढला म्हणून 1.9 सेकंदांना थांबवलं. पुढची यशस्वी गरम चाचणी 28 मार्च 2025 रोजी झाली, अडीच सेकंदांची. मध्ये पावणेदोन वर्षं गेली.

कुपवाडच्या मुलांनी प्लेट पुन्हा धुवायला घेतली आहे. लिक्विड नायट्रोजन वापरून बघावं अशीही एक सूचना आली, पण त्याचा दाब आणि वागणं वेगळं असल्याने नायट्रसच्या प्रवाहाचं उत्तर त्यातून मिळणार नाही. नायट्रस वापरायचाच तर जतच्या माळावर, दिवाळीनंतरच्या पहाटे, मातीच्या बांधामागून आणि व्हॉल्व्ह लांबून चालवून, असं मी लिहून दिलं आहे. शेडमागच्या जागेचा आग्रह अजून सुटलेला नाही.