वाइन (संगणक)

वाइन : विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्स, मॅकओएस इत्यादी युनिक्स-कुळातील प्रणालींवर विंडोजशिवाय चालविणारा मुक्त सुसंगती-थर. उच्चार द्राक्षमद्यासारखाच आणि बोधचिन्हही कललेल्या पेल्याचे. नाव मात्र आद्याक्षरांवरून आलेले आहे. कोल्हापुरात त्याची गरज मुख्यतः छापखाने व डीटीपी केंद्रे, मार्केट यार्डातील अडत-दुकाने आणि उद्यमनगर-शिरोली भागातील यंत्रशाळा येथे पडते. संगणक जुना, विंडोज ११ त्यावर बसत नाही, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला, आणि रोजचे काम विंडोजच्याच एखाद्या प्रोग्रॅमवर अडलेले, अशी ही परिस्थिती.

नाव व उगम : नावाच्या विग्रहाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ते ‘विंडोज एम्युलेटर’ याचे संक्षिप्त रूप होय. दुसऱ्यानुसार ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ या स्वतःलाच पोटात घेणाऱ्या वाक्याचे. दुसरा विग्रह मागाहून चिकटविला असावा, असा समज आढळतो. तथापि तो १९९३ च्या ऑगस्टच्या सुमारास झालेल्या नामचर्चेतच सापडतो. त्यामुळे दोन्ही जवळपास समकालीन मानणे बरे. प्रकल्पाच्या जुन्या प्रश्नोत्तरांत तर दोन्ही बरोबर, आवडेल तो घ्यावा, असे सांगून वाद मिटविलेला दिसतो. तांत्रिक दृष्ट्या दुसरा अधिक नेमका आहे. एम्युलेटर एका प्रोसेसरच्या आज्ञा दुसऱ्यावर नकलून दाखवितो. वाइन तसे काही करीत नाही. इंटेल-कुळातील प्रोसेसरवर विंडोज प्रोग्रॅममधील आज्ञा जशाच्या तशा चालतात.

बॉब ॲमस्टाट व एरिक यंगडेल यांनी १९९३ मध्ये, विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर आणण्यासाठी हे काम सुरू केले. सन मायक्रोसिस्टिम्सच्या ‘वाबी’ या तशाच कामाच्या प्रोग्रॅमची प्रेरणा त्यामागे होती, परंतु वाबीला विंडोजची खरी प्रत लागे, वाइनला लागत नाही. १९९४ पासून धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आहे. सुरुवातीचा सैल परवाना बदलून मार्च २००२ मध्ये एलजीपीएल, म्हणजे सुधारणा खुल्या ठेवण्याची अट असलेला परवाना, स्वीकारण्यात आला, कारण वाइनवर माल बनविणाऱ्या कंपन्या सुधारणा परत देत नसल्याची तक्रार होती. आवृत्ती १.० ही १७ जून २००८ रोजी, म्हणजे प्रारंभानंतर १५ वर्षांनी निघाली.

कार्यपद्धती : विंडोज प्रोग्रॅम फाइल उघडणे, खिडकी काढणे, अक्षर छापणे यांसाठी प्रणालीच्या ग्रंथालयांना, म्हणजे तयार आज्ञासंचांना, हाक मारतो. वाइनने ती ग्रंथालये नव्याने लिहिली आहेत. हाक तीच, उत्तर देणारा लिनक्स. ‘वाइनसर्व्हर’ हा स्वतंत्र कार्यक्रम विंडोजच्या गाभ्याची (कर्नलची) काही कामे सांभाळतो. वापरकर्त्याच्या घर-फोल्डरात लपलेल्या एका फोल्डरात सी ड्राइव्ह उभा राहतो आणि रजिस्ट्री, म्हणजे प्रणाली व प्रोग्रॅम यांच्या सेटिंगची नोंद, तिथे साध्या मजकूर-फायलींत असते. या फोल्डराला प्रिफिक्स म्हणतात. एकमेकांशी न पटणाऱ्या प्रोग्रॅमना वेगवेगळे प्रिफिक्स देता येतात. जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तसे द्यावेतच.

मराठी अक्षरजुळणी : लग्नपत्रिका, अहवाल, हस्तपत्रके यांचा कोल्हापुरातील बराच जुना साठा पेजमेकर (अखेरची आवृत्ती ७.०, २००१) व कोरलड्रॉ या पानमांडणीच्या व रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये, श्रीलिपी, आयएसएम किंवा शिवाजी-पद्धतीच्या फाँटमध्ये बांधलेला आहे. हे फाँट युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या आजच्या सामायिक पद्धतीच्या आधीचे, आहेत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले असतात. ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि काना, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीच. म्हणून गंमत अशी, की जोडाक्षरे घडविण्याची कोणतीही यंत्रणा न लागता हा मजकूर वाइनमध्ये सरळ दिसतो. फाँटची फाइल सी ड्राइव्हच्या फाँट्स फोल्डरात किंवा लिनक्सच्या फाँट-फोल्डरात असली की झाले. ती नसेल तर पत्रिकेवर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो, व अनेक जण दोष वाइनला देतात.

अडचण टंकनाची आहे. या फाँटसोबतचे कळफलक-इंजिन, म्हणजे कळ दाबली की मराठी अक्षर देणारा प्रोग्रॅम, विंडोजमध्ये सर्व प्रोग्रॅमवर कान ठेवून बसते. वाइनमध्ये त्याचा कान वाइनच्याच खिडक्यांपुरता असतो. लिबरऑफिसमध्ये गेले की ते मुके. तेथे लिनक्सचा इनस्क्रिप्ट कळफलक घ्यावा लागतो, आणि तो युनिकोड देतो, म्हणजे एकाच कामात दोन लिप्यंकने (अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धती). शिवाय काही फाँट १२७ च्या पुढील जागा वापरतात; त्या कोडपेजवर (अक्षर-क्रमांकांच्या तक्त्यावर) अवलंबून असल्याने असा प्रोग्रॅम इंग्रजी लोकॅलमध्ये (भाषा-मांडणीत) उघडणे श्रेयस्कर. युनिकोड मजकुरासाठी वाइनकडे जोडाक्षरे घडविणारा स्वतःचा भाग आहे. त्याची पारख ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतील अर्ध्या र वरून करावी. ‘कोल्हापूर’ हा शब्द बरोबर उमटला म्हणून निश्चिंत होऊ नये.

कुलूप व पोर्ट : अक्षरजुळणीच्या व हिशेबाच्या काही प्रोग्रॅमना यूएसबी किंवा पॅरलल पोर्टला लावायचे हार्डवेअर-कुलूप, म्हणजे डाँगल, असते. त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालविणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि वाइनमध्ये तसा गाभाच नाही. त्यामुळे बहुधा गाडी इथे अडते. मग व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी यंत्रात खरी, परवानाधारक विंडोज टाकून डाँगल तिकडे जोडणे हाच मार्ग उरतो. सीरियल पोर्टचे तसे नाही. सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्राला प्रोग्रॅम पाठविणारी आज्ञावली वाइनमधून चालू शकते, कारण कॉम पोर्ट (विंडोजमधील सीरियल पोर्ट) लिनक्सच्या उपकरण-फायलींना जोडलेले असतात. यूएसबी-सीरियल जोडणी मात्र अनेकदा कॉम ३३ म्हणून येते आणि जुन्या आज्ञावलीच्या यादीत इतका मोठा आकडा नसतो. वाइनच्या रजिस्ट्रीत ‘पोर्ट्स’ या नोंदीखाली तिला कॉम १ नाव द्यावे. डेबियन व उबुंटूवर वापरकर्ता सीरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या ‘डायलआउट’ गटातही हवा.

एखादा प्रोग्रॅम चालतो की नाही, याची प्लॅटिनमपासून गार्बेजपर्यंतची प्रतवारी प्रकल्पाच्या नोंदवहीत मिळते. ती आवृत्तीनिहाय असते. टॅलीची एक आवृत्ती चालली म्हणून पुढची चालेलच असे नाही. खेळांसाठी व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये काढलेले ‘प्रोटॉन’ वाइनवरच आधारलेले आहे.

विंडोजचे काही व्हायरसही वाइनमध्ये चालतात. मूळ मांडणीत झेड ड्राइव्ह लिनक्सच्या मुळाशी जोडलेला असल्याने त्यांना घर-फोल्डरातील फायली उघड्या मिळतात. झेड काढून टाकता येतो, पण त्याने पूर्ण अटकाव होत नाही; म्हणून पेनड्राइव्हवर आलेले काम उघडण्यासाठी वाइन वेगळ्या लिनक्स-खात्यातून चालवितात.