गिअर ऑइल आणि हायड्रॉलिक ऑइल: दिसायला भावंडं, कामाला परकी

दोन्ही तेलं सोनेरी, दोन्ही बुळबुळीत, दोन्ही बहुतेक वेळा खनिज तेलापासून बनलेली. बोटावर घेतली तर गिअर ऑइल जरा दाट लागतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एवढंच. त्यामुळे हायड्रॉलिकच्या टाकीची पातळी खाली गेली की हाताशी असेल ते ‘तेल’ ओतायचं, ही सवय फार ठिकाणी दिसते. यंत्र त्या दिवशी बंद पडत नाही. पुढे कधीतरी पंपाचा आवाज बदलतो, सिलिंडर सुस्तावतो, आणि तोवर टाकीत काय पडलं होतं हे कुणाच्या लक्षातही नसतं.

फरक समजून घ्यायचा तर आधी डब्यावरचं लेबल बाजूला ठेवून शक्ती कोणत्या वाटेनं जाते ते पाहावं. गिअर, साखळी, पट्टा, शाफ्ट या यांत्रिक पद्धतीत शक्ती घन वस्तूंमधून जाते. एक दात दुसऱ्या दाताला ढकलतो, शाफ्टला पीळ बसतो आणि तो फिरणं पलीकडे पोचवतो. गिअरबॉक्समधलं तेल काढून टाकलं तरी तो थोडा वेळ शक्ती पोचवत राहील. दात तापतील, खरवडले जातील, शेवटी अडकतील, पण तोवर काम चालेल. तिथे तेलानं करायचं ते एवढंच: दातांच्या मधे राहून धातूला धातू घासू द्यायचा नाही, उष्णता वाहून न्यायची आणि गंज थोपवायचा.

हायड्रॉलिकमध्ये तेल काढलं की त्याच क्षणी सगळं थांबतं, कारण शक्ती वाहणारी वस्तूच निघून गेलेली असते. पंपानं ढकललेलं तेल नळीतून जाऊन सिलिंडरचा पिस्टन रेटतं किंवा हायड्रॉलिक मोटर फिरवतं. शाफ्टनं जे करायचं ते इथे तेल करतं, आणि वर पंपाला वंगणही तेच पुरवतं. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. त्यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट जोसेफ ब्रामानं १७९५ मध्ये घेतलं. त्याच्या प्रेसमध्ये पाणी होतं. नियमाची ताकद आकड्यात पाहायची तर १० सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनवर २०० बार (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) दाब आला की सुमारे १६ टन वजन पेलण्याइतका जोर मिळतो. तेवढा जोर निव्वळ गिअरनं, सरळ रेषेत आणि इतक्या कमी जागेत मिळवायचा म्हणजे बरीच यंत्रसामग्री लागेल.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. पंप दाब तयार करत नाही, तो प्रवाह देतो. दाब तयार होतो समोरच्या भारामुळे. जॅकवर काही ठेवलेलं नसेल तर पंप कितीही फिरू दे, गेजचा काटा जेमतेम हलतो. म्हणून ‘दाब येत नाही’ या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा असा असतो की पंपानं दिलेलं तेल कामाला न जाता झिजलेल्या फटींतून किंवा उघड्या राहिलेल्या रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल टाकीत सोडणाऱ्या झडपेतून) टाकीत परत पळतंय.

मग हायड्रॉलिक सरस म्हणायचं का? शक्ती वाचवण्यात तर नाहीच. चांगल्या गिअरच्या एका जोडीतून ९७ ते ९९ टक्के शक्ती पलीकडे जाते (वर्म गिअर सोडून, तिथे घर्षण बरंच असतं). हायड्रॉलिकमध्ये पंप ९० टक्के आणि मोटर ९० टक्के धरली तरी दोन्ही मिळून ८१ उरतात, आणि नळ्या व व्हॉल्व्ह आपला वाटा वेगळा घेतात. तरीही लोक हायड्रॉलिक निवडतात, कारण शक्ती वळणाच्या होजमधून हलत्या हातापर्यंत नेता येते, वेग हवा तसा कमीजास्त करता येतो, आणि भार अंगाबाहेर गेला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, दात तुटत नाहीत. पण वाया गेलेली शक्ती जाते कुठे? थेट तेलात, उष्णता बनून. मिनिटाला ६० लिटर तेल २०० बारला रिलीफ व्हॉल्व्हमधून नुसतं टाकीत पडत राहिलं, तर ते तेल २० किलोवॉटच्या हीटरनं तापवल्यासारखं तापतं. हायड्रॉलिक तेलाच्या देखभालीचा निम्मा भाग या एका गोष्टीतून निघतो.

आता तेलांकडे. औद्योगिक तेलाच्या नावात ‘आयएसओ व्हीजी’नंतरचा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती सेंटिस्टोक, ते. हायड्रॉलिकला साधारण ३२, ४६ किंवा ६८ चालतं, तर कारखान्यातल्या गिअरबॉक्सला २२०, ३२० असे आकडे लागतात. वाहनांच्या गिअर ऑइलवर ‘एसएई ९०’ लिहिलेलं असतं ते मापच निराळं. ते ९० म्हणजे ४६ च्या दुप्पट दाट, असं समजू नये. इंजिन ऑइलच्या ‘एसएई ४०’ शीही त्या ९० ची सरळ तुलना होत नाही. प्रत्यक्षात एसएई ९० गिअर ऑइलचा दाटपणा ४० ते ५० च्या इंजिन ऑइलच्या आसपासच असतो.

गिअरच्या दातांवर भार अगदी छोट्या जागेवर एकवटतो, त्यामुळे तिथे जाड थर हवा. शिवाय गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती धातूशी संयोग पावून दातावर एक पातळ थर बनवतात आणि दात एकमेकांना चिकटू देत नाहीत. हेच रसायन पितळ आणि ब्राँझ या पिवळ्या धातूंना मात्र त्रास देऊ शकतं, आणि पिस्टन पंपाच्या आत ब्राँझचे भाग असतात. त्यात दाट तेल पंपाला टाकीतून नीट ओढता येत नाही. पंपाच्या तोंडाशी दाब इतका घसरतो की तेलात बुडबुडे तयार होतात आणि पुढे जास्त दाबात जाऊन फुटताना धातूचे टवके काढतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पंपातून खडे दळल्यासारखा आवाज आला की आधी सक्शनची चाळणी, नळी आणि तेलाचा दाटपणा तपासावा. पंप उघडायची वेळ त्यानंतरची.

उलट चूकही तितकीच वाईट. पातळ हायड्रॉलिक तेल वाहनाच्या हायपॉइड डिफरन्शियलमध्ये (चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीत) गेलं तर दात लवकर खराब होतात. त्या गिअरचे दात एकमेकांवर आडवे घसरतात आणि त्यांना जीएल-५ दर्जाचं, म्हणजे जास्त भार सोसणारं गिअर ऑइल लागतं.

तेलाच्या स्वच्छतेबाबत या दोन यंत्रांची सहनशक्ती अगदी निराळी आहे, आणि माझ्या मते देखभालीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. गिअरबॉक्सच्या तळाशी लोहचुंबकी बूच असतं, धातूचा बारीक कीस त्यावर साचतो आणि गिअरबॉक्स पुष्कळ काळ चालतो. हायड्रॉलिकच्या सर्व्हो व्हॉल्व्हमधली (तेलाचा प्रवाह बारकाईनं कमीजास्त करणाऱ्या झडपेतली) फट मात्र १ ते ४ मायक्रॉनची असते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनच्या खालचं काही दिसत नाही. म्हणजे बाटलीत उजेडाला धरून ‘तेल स्वच्छ आहे’ असं सांगणारा माणूस पंपाला मारणाऱ्या कणांबद्दल काहीही सांगत नसतो. ते कण फटींमध्ये अडकतात, पृष्ठभाग खरवडतात, त्यातून नवे कण निघतात आणि झीज झिजेला जन्म देते.

म्हणून आयएसओ ४४०६ या मानकात स्वच्छता तीन आकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ १८/१६/१३. हे आकडे एका मिलिलिटरमधले अनुक्रमे ४, ६ आणि १४ मायक्रॉनहून मोठे कण किती ते सांगतात. १८ म्हणजे १३०० ते २५०० कण, १३ म्हणजे ४० ते ८०. आकडा एकानं वाढला की कण दुप्पट होतात, त्यामुळे १८ आणि २१ मधला फरक किरकोळ नाही, तो आठपट आहे. सील न उघडलेल्या पिंपातलं नवं तेलही अनेकदा या मापाला उतरत नाही. ते टाकीत भरताना फिल्टर लावलेल्या पंपानंच भरावं. उघड्या डब्यातून नरसाळ्यानं ओतू नये. टाकीच्या ब्रीदरकडेही, म्हणजे हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या गाळणीकडेही, कुणी पाहत नाही. सिलिंडर मागेपुढे होतो तशी टाकीतली पातळी वरखाली होते आणि दर वेळी बाहेरची हवा आत येते. ब्रीदर फाटका असेल तर धूळही तिच्याबरोबर येते, आणि मग नळीवरचा महागडा फिल्टर ती आयुष्यभर गाळत बसतो.

उष्णतेचा अंदाज असा: साधारण ६० अंशांच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. ८० च्या पुढे सीलही कडक व्हायला लागतात. तापलेलं तेल पातळ होतं, फटींतून जास्त गळतं, त्यातून पुन्हा उष्णता निघते. कूलरवर साचलेली धूळ झाडणं हे काम कुणाला मोठं वाटत नाही, पण बहुतेक ठिकाणी नवं तेल घेण्याआधी तेच करायला हवं.

पाण्याची खूण सोपी. तेल दुधाळ दिसलं म्हणजे विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे पाणी गेलंय. दुधाळ दिसत नाही म्हणून पाणी नाही, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. हवेचं तसंच: फेस वर दिसतो, पण तेलाच्या पोटात अडकलेले बुडबुडे अधिक घातक. शुद्ध तेल १०० बारला अर्धा-पाऊण टक्काच दबतं, हवा मात्र कितीतरी जास्त दबते, म्हणून सिलिंडर स्पंजासारखा लवचिक वागतो.

अपवादही आहेत आणि गोंधळ तेच वाढवतात. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि ओले (तेलात बुडालेले) ब्रेक यांना मिळून एकच तेल असतं. ते मुद्दाम तिन्ही कामांसाठी बनवलेलं असतं, साधं गिअर ऑइल किंवा साधं हायड्रॉलिक ऑइल त्याची जागा घेऊ शकत नाही. आणि ब्रेक फ्लुइड, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, खनिज तेलच नव्हे. ते ग्लायकॉल ईथर वर्गातलं. त्या ब्रेकच्या रबरी सीलला खनिज तेल लागलं की सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. तिथे थेंबभरसुद्धा प्रयोग करू नये.

आणि हे प्रत्येकाला सांगायला हवं: होजमधली बारीक गळती हातानं चाचपून शोधू नका. त्या दाबाचा तेलाचा फवारा त्वचा भेदून आत जातो. वरून जखम सुईएवढी दिसते, पण शस्त्रक्रिया लागते आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून गळती शोधावी, आणि नळी सोडण्यापूर्वी यंत्रणेतला दाब, अॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारं भांडं) असेल तर त्यातलाही, पूर्ण उतरवावा.

चुकून हायड्रॉलिकच्या टाकीत गिअर ऑइल पडलंच, तर यंत्र चालू न करणं ही पहिली गोष्ट. तेल अजून टाकीतच असेल तर टाकी रिकामी करून, पुसून, फिल्टर बदलून काम भागतं. पुसायला धागे न सुटणारं कापड घ्यावं, चोथा नको. यंत्र चालवून झालं असेल तर नुसती टाकी उपसून उपयोग नाही, कारण उरलेलं तेल नळ्या, सिलिंडर आणि कूलरमध्ये बसलेलं असतं. सिलिंडर आत घेऊन ठेवायचे, नळ्या सोडून तेल गळू द्यायचं, योग्य ग्रेडचं तेल भरून भाराशिवाय फिरवायचं, आणि ते काढून पुन्हा नव्यानं भरायचं. काही तास चालल्यावर यंत्र सुरू असतानाच परतीच्या नळीतून स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन दाटपणा आणि कणसंख्या तपासून घ्यावी.